एल्कची हाक आणि आमचा शंख

माझ्या नवऱ्याचा बॉस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पुढे तो वाईट वागला, ते वेगळं. पण त्याच्याही आधी तो आमच्या कुवेतमधल्या, जाब्रियातल्या फ्लॅटमध्ये पायात बूट तसेच ठेवून थेट गणपतीसमोर येऊन उभा राहिला होता. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच अमेरिकन. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ह्यांना सांगा जरा." एरवी मी नवऱ्याला अरे-तुरेच करते. 'अहो' म्हटलं की त्याला कळतं, पारा चढलाय. तरी तो हूं की चूं करेना. शेवटी अकरावीतल्या आमच्या लेकीने सांगितलं, "शूज, प्लीज." मग साहेब खाली बसून लेस सोडायला लागले आणि बाप्पाची आरती तेवढा वेळ खोळंबली.

आरतीच्या शेवटी नवरा शंख वाजवतो. नाशिकला पोरवयात गल्लीतल्या मंडळात शिकला, तेव्हापासून वाजवतोय. दिसायला किरकोळ, पण छातीत हवा किती मावते कोण जाणे. एकदा फुंकला की ऐकणाऱ्याचाच श्वास संपतो, ह्याचा नाही. त्या दिवशी शंख थांबला आणि बॉस टाळ्या वाजवायला लागला. मग म्हणाला, "एक मिनिट," आणि खाली गाडीकडे पळाला. परत आला तो हातात एक नळी घेऊन. व्हॅक्यूम क्लीनरला असते ना, तसली खाचाखाचांची जाड नळी, टोकाला तोंड लावायला एक तुकडा.

"ह्यात फुंक," तो नवऱ्याला म्हणाला.

नवरा गरीब गाय. फुंकला. आधी पोटातून घुरघुर, मग आवाज वर वर चढत गेला तो थेट किंचाळीपर्यंत, आणि खाली पडताना हुक, हुक, हुक. प्रसादाला आलेल्या दोन बायकांच्या हातातले मोदक हातातच राहिले. बॉसच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. खरंच आलं, मी पाहिलं. मनात म्हटलं, मेल्या, आरतीला नाही आलं ते!

त्या दिवशी मला एल्क नावाचा प्राणी कळला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणायचा. अमेरिकेतल्या डोंगरांत राहतो, घोड्याएवढा होतो आणि शिंगं म्हणाल तर डोक्यावर वाळकं झाड. सप्टेंबरात त्याचा माजाचा काळ. नर ओरडत फिरतात, माद्या गोळा करतात, एकमेकांच्या अंगावर जातात. शिकारी लपून बसतो आणि मादीचा नाहीतर दुसऱ्या नराचा आवाज काढून नराला जवळ बोलावतो. बॉस दर सप्टेंबरात रजा काढून धनुष्यबाण घेऊन ह्याच कामाला जायचा. त्यात एकाने मागे बसून हाक मारायची आणि दुसऱ्याने पुढे बसून बाण मारायचा. इतकी वर्षं हाक मारणारा त्याचा मेहुणा होता. तो म्हणे आता त्याच्याशी बोलत नव्हता. त्या न पाहिलेल्या मेहुण्याबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

"पुढच्या वर्षी तू माझ्याबरोबर येणार," बॉस नवऱ्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. मोदक त्याने एकच खाल्ला. आतलं सारण खाल्लं आणि वरची पारी ताटात ठेवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई उगाच का चिडते. नवऱ्याचा करार पुढच्या डिसेंबरात संपणार होता. तेलकंपनीची कामं घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत तो मेकॅनिकल इंजिनियर. माणसं कमी करायची म्हणून कुजबुज सुरू झालेली, आणि त्याच्या विभागात कोण राहणार, कोण जाणार हे हाच लांबडा ठरवणार. लेक तेव्हा बारावीत असणार, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. बापाचा करार गेला की त्याचा इकामा जाणार, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि त्याच्या पाठोपाठ तिचाही. मी इथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढते. माझा इकामा वेगळा, पण बाईच्या इकाम्यावर नवरा आणि मुलगी सहजासहजी राहत नाहीत. म्हणजे परीक्षा दोन महिन्यांवर असताना पोरीची शाळा सुटणार. तिकडे भारतात नेऊन कुठल्या शाळेत घालायचं? कोण घेणार? वर्ष फुकट. बाकी ह्या देशाने मला काही दिलं नाही तरी चालेल, पण पोरीची बारावी इथे नीट पार पडली पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. पाय धरले.

दर गुरुवारी संध्याकाळी बॉस यायला लागला. बूट आता न सांगता काढायचा, एवढी सुधारणा झाली. सोफ्यावर तंगड्या पसरून तो शिकवायचा आणि नवरा समोर शाळेतल्या पोरासारखा बसायचा. टाळूला चिकटवायचा एक रबरी पडदा होता, त्यातून मादीचा आवाज निघायचा, मांजराच्या पिल्लासारखा बारीक. तो काढायला नवऱ्याला महिना लागला. तोपर्यंत आमच्या घरात सतत कुणाचं तरी पिल्लू हरवल्यासारखं वाटायचं. नराची आरोळी मात्र पहिल्या दिवसापासून चोख. पाचव्या मजल्यावरची बाळंतीण खाली येऊन रडली. इमारतीचा हारिस, म्हणजे आमचा इजिप्शियन वॉचमन, दार वाजवून विचारायला आला की आत कुठलं जनावर पाळलंय का. मी बॉसकडे बोट दाखवलं. हारिस हसला, बॉसही हसला. मी नव्हते हसत.

चहा देता देता माझंही शिक्षण झालं. नको असलेलं कानावर पडतंच. बॉस सांगायचा, सारखं ओरडायचं नाही, नवशिके सारखे ओरडतात. आधी लांबून एक हाक द्यायची, बघायचं कोण उत्तर देतो. वारा नेहमी आपल्या तोंडावर हवा. हाक मारणारा मागे झाडीत, शिकारी पुढे, म्हणजे नर आवाजाकडे चालत येताना शिकाऱ्याच्या समोरून जातो. काठीने झाडाची साल खरवडायची, म्हणजे त्याला वाटतं दुसरा नर शिंगं घासतोय. मग त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नर अर्ध्यात येऊन थांबतो तेव्हा. त्याला आवाज येतोय, पण मादी दिसत नाही. मग तो तिथेच उभा राहून वाट बघतो. "अशा वेळी," बॉस बोट वर करून सांगायचा, "तोंड बंद. अजिबात आवाज नाही. मादी निघून चालली असं त्याला वाटलं पाहिजे. मग तो स्वतः येतो."

"इट्स सो क्रीपी," लेक आतून म्हणायची. आमची लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते.

मी नवऱ्याला विचारायचे, कराराचं काही बोलला का? तो म्हणायचा, "बोललो गं. म्हणाला, काळजी करू नकोस, बघू." काळजी करू नकोस! तुझ्या बापाचं काय जातंय सांगायला.

हिवाळ्यात प्रकरण घराबाहेर गेलं. जहराच्या पुढे, सालमीच्या रस्त्याला, लोक तंबू ठोकून राहतात तिकडे. बॉसचं म्हणणं, मोकळ्यावर आवाज कसा जातो ते पाहिलं पाहिजे. शुक्रवारची सकाळ, मी पोहे केले होते, थर्मास भरला होता, आणि आम्ही तिघं त्याच्या भल्या मोठ्या गाडीतून निघालो. लेक मागे कानात बोंडं घालून बसली होती. तिथे पोचल्यावर साहेबांनी शिकारीचे कपडे चढवले. जंगलातले हिरवे-तपकिरी पट्टे, झाडात लपायला. इथे झाड कुठलं डोंबल्याचं? पिवळ्याधमक माळावर तो कोथिंबिरीच्या जुडीसारखा उठून दिसत होता. धनुष्य काही इथे आणता येत नव्हतं, म्हणून हात रिकामेच. गुडघ्यावर बसून तो हवेतलीच दोरी ओढायचा आणि सोडायचा. एवढा बाप्या माणूस! लेकीबरोबर गाडीत बसून मी थर्मासचं झाकण तोंडावर धरून हसले.

नवरा त्याच्या बराच मागे एका उंचवट्याआड नळी घेऊन बसला. घुरघुर, किंचाळी, हुक हुक हुक. आवाज माळावर लांब गेला. थोडा वेळ काही नाही. त्याने परत मारली.

आणि एक उंट आला.

हिवाळा हा उंटांच्या माजाचा काळ, हे त्या शिकवणाऱ्याला माहीत नव्हतं आणि शिकणाऱ्यालाही. आम्हीही इथे इतकी वर्षं राहतोय, पण उंट पाहिला तो गाडीच्या काचेतून. हा दांडगा नर तोंडातून फेस गाळत, जिभेच्या बाजूने लाल फुग्यासारखं काहीतरी बाहेर लोंबकळत, गडगड आवाज करत सरळ हाकेच्या दिशेने निघाला. वाटेत कोथिंबिरीची जुडी होती. जुडी उठली आणि पळत सुटली. बॉस गाडीत घुसला, धाडकन दार लावलं आणि सगळी दारं लॉक केली.

माझा नवरा बाहेर होता.

"दार उघडा," मी म्हटलं. तो म्हणाला, "नको, तो गाडीवर येईल." मी म्हटलं, "माझा नवरा आहे तो!" तो म्हणाला, "त्याने हलू नये, हलला नाही तर काही होणार नाही." आतून, काचेमागून, घामाघूम होऊन हा उपदेश! लेकीने कानातली बोंडं काढून फेकली. "ओपन द डोअर! ओपन इट!" ती इतकी ओरडली की आवाज फाटला तिचा. मी पुढे वाकून, त्याच्या मांडीवरून हात घालून लॉक काढलं आणि उतरले. हातात काय, तर थर्मास.

नवरा उभा होता. नळी खाली धरलेली, मान किंचित झुकलेली, गप्प. उंट त्याच्यापासून दोन गाड्या मावतील एवढ्यावर येऊन थांबला होता आणि त्याच्याकडे बघत होता. कुठे गेली ती, असा चेहरा होता त्या जनावराचा. मला पाहून नवऱ्याने नुसता हात हलवला, थांब म्हणून. मी थांबले. थर्मास मात्र उगारलेलाच. तेवढ्यात पलीकडून त्या उंटाचा सुदानी राखण्या शिव्या देत, काठी आपटत धावत आला आणि त्याला वळवून घेऊन गेला. जाताना आम्हाला अरबीत जे म्हणाला त्यातलं अर्धं कळलं, ते पुरेसं होतं.

परतीच्या वाटेवर बॉस हसत होता. रविवारी ऑफिसात त्याने सगळ्यांना गोष्ट सांगितली. नवऱ्याने एल्क समजून उंटाला कसं पटवलं, ही. दार लॉक केल्याची गोष्ट त्यात नव्हती. नवऱ्याला तिथे नवीन नाव पडलं, ते मी इथे लिहिणार नाही.

"तू काहीच बोलला नाहीस?" मी विचारलं.

"जाऊ दे गं. डिसेंबरपर्यंत काढायचं."

"अहो, काही कणा वगैरे आहे का तुम्हाला? की नळीच आहे आत?"

तो गप्प. त्याचं हे गप्प बसणं मी आयुष्यभर भित्रेपणाच्या खात्यात टाकत आले.

एप्रिलमध्ये लेक बारावीत गेली. मेमध्ये नवऱ्याच्या विभागातले दोघं घरी गेले. जूनमध्ये त्याने बॉसला परत विचारलं, तर म्हणाला, "सप्टेंबरची ट्रिप होऊ दे, मग बसून बोलू." जुलैमध्येही तेच. ऑगस्टमध्ये बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, नळाला गार पाण्याच्या जागी उकळतं पाणी, आणि त्यातून हा गुरुवारी हजर. आता नवऱ्याला पायऱ्या चढायला लावायचा, डोंगरात दम टिकावा म्हणून. कंपनीच्या ट्रेनिंगसाठी कधीकाळी काढलेला अमेरिकेचा व्हिसा नवऱ्याच्या पासपोर्टात होता, त्यामुळे तीही सबब गेली. तिकीट बॉसने स्वतः काढून दिलं. ट्रिप झाली की बोलू. कोपराला गूळ लावून ठेवला होता माझ्या नवऱ्याच्या, आणि नवरा वर्षभर चाटायला बघत होता.

एका गुरुवारी तो गेल्यावर मी कप धुताना एकदम नळ बंद केला. माझ्या लक्षात आलं की हा मनुष्य वर्षभर आमच्या सोफ्यावर बसून काय शिकवत होता, आणि स्वतः काय करत होता. आवाज येतोय, मादी दिसत नाही. ह्या असल्या जंगलात माझा नवरा हाक मारणारा नव्हताच. तोच येऊन उभा राहिलेला नर होता.

मी बाहेर येऊन दोघांना हे सांगितलं. भांड्याच्या साबणाचे हात तसेच. नवरा मान खाली घालून ऐकत होता. लेक म्हणाली, "सो डू व्हॉट ही सेज. गो सायलेंट, आई. जस्ट शट अप."

बोलायची पद्धत बघा, आईशी! पण बरोबर बोलली.

गणपती आले. ट्रिप त्यानंतर आठवड्याभराने निघणार होती. तांदळाची पिठी, नारळ, केळीची पानं सगळं अब्बासियातल्या रायगडच्या दुकानदाराकडून आणलं. त्याची बायको दरवर्षी माझ्यासाठी चांगला गूळ बाजूला काढून ठेवते. शंख देव्हाऱ्यातून काढून घासून पुसून ठेवला आणि नवऱ्याला बजावलं, "ह्या वर्षी वाजवायचा नाही."

"अगं, बाप्पाला?"

"बाप्पा समजून घेईल. त्याला पोरीची बारावी माहीत आहे."

बोलून गेले, पण जीभ जड झाली माझी. नाशिकपासून कुवेतपर्यंत एवढ्या वर्षांत शंखाशिवाय आरती झाली नव्हती आमच्या घरात. आरती संपली. सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. बॉसही, फोन वर धरून, रेकॉर्ड करायला तयार. नवऱ्याने शंखाला हात लावला नाही. आरतीनंतरची ती शांतता मला गिळवत नव्हती. बाप्पासमोर मी मनातल्या मनात कान धरले आणि त्या लांबड्याच्या नावाने बोटं मोडली, दोन्ही एकदम.

"हॉर्न कुठंय?" बॉसने विचारलं.

"श्वास पुरत नाही हल्ली," नवरा म्हणाला. खोटं बोलता येत नाही ह्या माणसाला, कानाच्या पाळ्या लाल होतात. पण बॉसला पाळ्या वाचता येत नव्हत्या.

"डॉक्टरला दाखव! नळी तरी वाजव एकदा."

नवरा हसला नुसता. मी मोदकाचं ताट पुढे केलं आणि मूग गिळून बसले. हे माझ्यासाठी किती अवघड होतं ते मला ओळखणारी माणसं सांगतील. जिभेवर एवढं आलं होतं की दाढा दुखायला लागल्या. बॉस मध्येच डॉक्टरांची नावं सांगे, मध्येच तिकिटाबद्दल बोले. मग त्याने रात्री फोन केला. नवऱ्याने उचलला नाही. मी धरून ठेवलं होतं त्याचं मनगट.

पाचव्या दिवशी, विसर्जनाला, तो न बोलावता आला. बादलीत पाणी भरून, फुलं टाकून आम्ही उत्तरपूजेच्या तयारीत होतो. आमचं विसर्जन घरातच, बादलीत. ह्यावेळी त्याने बूट दाराबाहेरच काढले. आत येऊन उभा राहिला, बादलीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. कुणीच काही बोललं नाही. उत्तरपूजा झाली. मूर्ती पाण्यात गेली. परत शंख नाही. मी पोळ्या लाटायला स्वयंपाकघरात गेले, दार उघडं ठेवून.

तो एकटाच बोलत राहिला. ह्या वर्षी डोंगरात पाऊस चांगला झालाय. नर मोठे आहेत. तू नसशील तर जाण्यात अर्थ नाही. मग जरा थांबून, "कशाची काळजी आहे का तुला?" नवरा गप्प. मी पोळी फुगताना बघत होते. "बायको नाही म्हणते का?" गप्प. "पैसे?" गप्प. मी तव्यावरची पोळी जळू दिली, पण तोंड उघडलं नाही. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टचं आहे का हे?"

लेक दारात उभी होती, पुस्तक छातीशी धरून. ती एकच शब्द बोलली. "फेब्रुवारी."

"काय फेब्रुवारीत?"

"माय बोर्ड्स."

त्याने तिच्याकडे असं बघितलं जसं काही ही मुलगी ह्या घरात वर्षभर नव्हतीच. रविवारी कंपनीच्या मंदूबचा, म्हणजे सरकारी कागदांची धावपळ करणाऱ्या माणसाचा, फोन आला की पासपोर्ट आणि सिव्हिल आयडी घेऊन या. सही झाली, शिक्के बसले. इकामा वाढला. किती? मार्चअखेरपर्यंत. वर्ष नाही, दोन वर्षं नाही. पोरीचा शेवटचा पेपर होईल एवढंच, मोजून मापून. तुरीच्या दाण्याएवढं मन त्या माणसाचं! वर नवऱ्याला म्हणतो, बघ, मी माझ्या माणसांची काळजी घेतो.

मी कागदांवरचे शिक्के बोटाने चाचपले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने म्हणायला हवं, पण संतापच जास्त होता. एका सहीसाठी देवाचा शंख बंद ठेवायला लागला.

नवरा गेला. त्याची बॅग मी भरली नाही. म्हटलं, जाताय शिकारीला, भरा तुमची तुम्ही. तो गेल्यावर दोन दिवसांनी देव पुसताना पाहते तर शंख नाही. सगळं घर उलथं केलं. लेकीला विचारलं, घर पुसायला येणाऱ्या बाईवर मनातल्या मनात नको तो संशय घेतला. दिवाणाखाली, कपाटावर, धान्याच्या डब्यांमागे, कुठेच नाही. विसर्जनाच्या फुलांबरोबर चुकून गेला की काय? आणि गेला असेल तर बरोबरच आहे, मी म्हटलं. आपणच त्याला गप्प बसवलं होतं.

नवरा परत आला तो ओठ फुटलेला, नाकाची सालं निघालेली, दोन किलो वाळलेला. मी दार उघडलं आणि वर्षभराचं साठलेलं सगळं ओठावर आलं. आधी शंखाचं सांगावं की आधी शिकारीचं विचारावं, कळेना.

"मिळालं का तुमच्या साहेबांना शिंगाडं?"

"नाही."

"का? आलाच नाही?"

"आला ना. शेवटच्या दिवशी. संध्याकाळी." तो सोफ्यावर बसला, त्या लांबड्याच्या जागेवर. "काय जनावर आहे गं. मी हाक मारली तसा वरून उतरत आला, मध्येच थांबला. मग मी गप्प बसलो. पुढे आला. साहेब झाडामागे धनुष्य ओढून बसलेले. इथून त्या खिडकीपर्यंत असेल, एवढ्यावर आला."

"मग?"

तो वाकला, बॅगेची चेन उघडली, लोकरीचा मोजा बाहेर काढला आणि मोज्यातून शंख. उठून देव्हाऱ्यात जागेवर ठेवला, नीट तोंड वळवून.

"मग वाजवला," तो म्हणाला.

आतल्या खोलीतलं पान उलटायचं थांबलं.

"वाजवला म्हणजे? तिथे? तो बाण सोडणार तेव्हा?"

"पूर्ण दमाचा. अख्खा डोंगर वाजला. ते जनावर कुठल्या कुठे गेलं."

"आणि तो? तो काय म्हणाला?"

"खूप काही म्हणाला. मी सांगितलं, सर, आज आमची संकष्टी." कानाच्या पाळ्या बघितल्या मी त्याच्या. लाल नव्हत्या. खरंच होती त्या दिवशी संकष्टी.

मी उभी होते तिथेच खाली बसले. मग आठवून घाबरत म्हटलं, "अरे, पण करार?"

"शिक्के बसलेत. मार्चपर्यंत हलत नाही तो आता." त्याने फुटलेल्या ओठावर जीभ फिरवली. "आणि आरतीला वाजवायचा राहिला होता ना आपला."